अल्पखेळाडू पत्त्यांच्या डावातील निर्णयविचार : तिर्रट आणि होल्डेम

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या खेळांविषयी दोन मते सामान्यतः मांडली जातात. एका मतानुसार असे सर्व खेळ केवळ दैवाधीन होत. दुसऱ्या मतानुसार त्यांत बुद्धीस वाव असून कुशल खेळाडू अखेर जिंकतोच. ही दोन्ही मते सर्व खेळांना सरसकट लावली जातात आणि डावात किती खेळाडू बसले आहेत, ह्या साध्या प्रश्नाकडे दोहोंचेही दुर्लक्ष होते. वस्तुतः खेळाडूंची संख्या घटली की निर्णयाचे महत्त्व वाढते. परंतु त्याच कारणाने डावात बसून राहण्याची किंमतही वाढते. ह्या दोन परिणामांचा एकत्र हिशेब केल्याशिवाय कौशल्याचे खरे मोल ठरविता येत नाही.

ह्या विवेचनाचा आरंभ परिचित उदाहरणापासून करणे सोयीचे होईल. जालना जिल्ह्यात, आणि एकंदर मराठवाड्यात, तीन पानांच्या जुगारास 'तिर्रट' हे नाव रूढ आहे. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांतून ते वारंवार आढळते. बावन्न पानांतून तीन पाने निवडण्याचे २२,१०० प्रकार संभवतात. त्यांपैकी एकाच किमतीची तीन पाने ५२ प्रकारांत, एकाच रंगाची क्रमवार पाने ४८ प्रकारांत, साधा क्रम ७२० प्रकारांत, नुसता रंग १,०९६ प्रकारांत आणि जोडी ३,७४४ प्रकारांत येते. उरलेल्या १६,४४० प्रकारांत ह्यांपैकी काहीच साधत नाही. म्हणजे जोडी अथवा त्याहून वरचा हात एका खेळाडूस येण्याची संभाव्यता सुमारे २५.६ टक्के आहे.

आता एखाद्याच्या हाती लहानशी जोडी आली असे समजू. डावात आठ जण असतील, तर उरलेल्या सातांपैकी निदान एकाच्या हाती जोडी किंवा त्याहून वरचा हात असण्याची संभाव्यता सुमारे ८७ टक्के होते. तिघेच असतील, तर ती सुमारे ४५ टक्क्यांवर येते. दोघेच असतील, तर साडेपंचवीसांच्या आसपास. (पाने परस्परांवर किंचित अवलंबून असल्याने हे आकडे निकटवर्ती आहेत, तथापि फरक उपेक्षणीय आहे.) पान तेच, नियम तेच, परंतु आठांच्या डावात जी जोडी बहुधा टाकून द्यावी लागेल, तीच तिघांच्या डावात बळकट हात ठरते. हाताचे मूल्य पानांत नसून पाने व स्पर्धकसंख्या ह्यांच्या संबंधात आहे, हे पहिले तत्त्व होय.

तिर्रटमध्ये मात्र ह्या तत्त्वाचा उपयोग करण्यास फारसा अवकाश नाही. तीन पाने एकदा वाटली की नवी माहिती देणारे पान उघडत नाही. खेळाडूपुढे चाल देणे किंवा पाने टाकणे एवढाच पर्याय राहतो. टेक्सास होल्डेम ह्या खेळाची रचना निराळी आहे. त्यात प्रत्येकास दोन पाने गुप्तपणे मिळतात. नंतर सर्वांना सामायिक अशी पाच पाने मध्यभागी उघडली जातात, प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक. गुप्त पाने मिळाल्यावर व प्रत्येक वेळच्या उघडणीनंतर असे बोलीचे चार फेरे होतात. मर्यादारहित प्रकारात कोणत्याही फेरीत खेळाडू आपल्यासमोरील सर्व रक्कम लावू शकतो. सहा किंवा त्याहून कमी खेळाडूंच्या डावास अल्पखेळाडू डाव म्हणतात, आणि संगणकजालावरील रोख डावांत हाच प्रकार विशेष प्रचारात आला.

होल्डेममध्ये दोन पानांचे १,३२६ प्रकार होतात. त्यांतील सर्वोत्तम दहा टक्के हात घेतले, तर नऊ जणांच्या डावात उरलेल्या आठांपैकी कोणाकडे तरी असा हात असण्याची संभाव्यता सुमारे ५७ टक्के, सहा जणांच्या डावात ४१ टक्के आणि तिघांच्या डावात १९ टक्के येते. म्हणून खेळाडू कमी झाले की अधिक प्रकारच्या हातांनी डावात उतरणे योग्य ठरते.

दुसरे कारण सक्तीच्या बोलीचे आहे. होल्डेममध्ये पाने पाहण्यापूर्वीच दोन खेळाडूंना पाळीपाळीने रक्कम लावावी लागते. तिला 'ब्लाइंड' म्हणतात. तिर्रटमध्ये हाच शब्द पाने न पाहता चाल देण्यास वापरला जातो, तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. मोठ्या ब्लाइंडला एक एकक व लहानास अर्धा एकक मानले, तर एका संपूर्ण फेऱ्यात प्रत्येकास दीड एकक द्यावे लागते. नऊ खेळाडूंत हा भार दर डावास एक-षष्ठांश एकक, सहांत पाव एकक आणि तिघांत अर्धा एकक पडतो. चांगल्या पानांची वाट पाहत स्वस्थ बसणाऱ्याचे भांडवल नऊ जणांच्या डावाच्या मानाने तिघांच्या डावात तिप्पट वेगाने झिजते.

तथापि अल्पखेळाडू डाव हा काही स्वतंत्र खेळ नव्हे. नऊ जणांच्या डावात पहिल्या सहांनी पाने टाकली की उरलेल्या तिघांपुढील समस्या आणि मुळातच तिघांनी मांडलेल्या डावातील समस्या जवळजवळ एकच असते. फरक एवढाच, की मोठ्या डावात अशी स्थिती क्वचित येते आणि लहान डावात ती प्रत्येक वाटपास येते. म्हणून येथे उपयोगी पडणारे नियम मूलतः शेवटी बोलणाऱ्याचे नियम आहेत. जो नंतर बोलतो त्याला इतरांचा निर्णय कळलेला असतो. हा माहितीचा लाभ पानांच्या लाभाइतकाच मोलाचा असतो.

ब्लफ, म्हणजे पोकळ हातावर दिलेली मोठी चाल, हिचा विचारही ह्याच चौकटीत करावयास हवा. डावात १०० रुपये जमले असून शेवटच्या फेरीत एकाने आणखी १०० रुपये लावले, असे समजू. प्रतिस्पर्ध्यास १०० रुपये घालून २०० मिळविण्याची संधी आहे. म्हणून त्याला तीनांतून एकदा जिंकण्याची खात्री असली तरी चाल स्वीकारणे तोट्याचे होत नाही. यास्तव चाल देणाऱ्याने तीन चालींपैकी एक पोकळ व दोन सबळ ठेवाव्यात. मग प्रतिस्पर्ध्याने काहीही केले तरी त्याचा लाभ होत नाही. चाल ५० रुपयांची असेल, तर हे प्रमाण चारांत एक होते. उलटपक्षी, १०० रुपयांच्या चालीपुढे प्रतिस्पर्ध्याने निम्म्याहून अधिक वेळा पाने टाकली, तर कोणतीही पोकळ चाल आपोआप फायद्याची ठरेल. ब्लफ हा साहसाचा वा स्वभावाचा विषय नसून प्रमाणाचा विषय आहे.

ह्या विचाराचा शास्त्रीय पाया जॉन फॉन नॉयमन ह्यांच्या १९२८ च्या प्रबंधात आहे. मॉर्गनस्टर्न ह्यांच्यासमवेत १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरच्या सुलभ प्रतिमानावरून ब्लफची आवश्यकता गणिताने सिद्ध केली. दोघांच्या शून्य-बेरीज खेळात समतोल नीती पाळणाऱ्याचे सरासरीने नुकसान होत नाही. तिसरा खेळाडू आला की ही हमी राहत नाही. नॅश व शॅप्ली ह्यांनी १९५० साली तिघांच्या एका सुलभ पोकरचे विश्लेषण केले. परंतु तीन वा अधिक खेळाडूंमध्ये प्रत्येकाने स्वतंत्रपणे निवडलेल्या समतोल नीती एकमेकींशी जुळतीलच असे नाही. म्हणून दोघांचा मर्यादित बोलीचा होल्डेम आल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली व्यवहारतः सोडविला असला, तरी सहांच्या मर्यादारहित डावास तसे उत्तर मिळालेले नाही.

असे असूनही २०१९ साली नोअम ब्राउन व टुओमास सँडहोम ह्यांनी 'प्लुरिबस' नावाची संगणकप्रणाली सहांच्या डावात उतरविली. पाच व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध बारा दिवसांत १०,००० डाव खेळून तिने दर शंभर डावांमागे सुमारे पाच एककांचे आधिक्य मिळविले. हा आकडा पुढील हिशेबासाठी मापदंड म्हणून घेता येईल.

जुगाराच्या अड्ड्यावर जागेचा मालक प्रत्येक डावातून आपला भाग काढून घेतो. त्यास 'नाल' म्हणतात. संगणकजालावरील चालकही हेच करीत असे. नाल सरासरीने दर डावास ०.३ एकक पडतो असे मानले, तर शंभर डावांत ३० एकक खेळाडूंच्या हातून कायमचे जातात. सहा खेळाडूंत प्रत्येकाच्या वाट्यास पाच एकक येतात, तिघांत दहा. म्हणजे सहांच्या डावात जगातील एका अत्यंत समर्थ प्रणालीचे संपूर्ण आधिक्य नालाएवढेच भरते. तिघांच्या डावात नाल त्याच्या दुप्पट होतो. खेळाडू कमी असल्याने पाने वाटण्याचा वेग वाढतो, हा भार निराळाच. कौशल्यास ज्या ठिकाणी सर्वाधिक वाव, त्याच ठिकाणी कौशल्यावरील कर सर्वाधिक, असा हा पेच आहे.

नाल क्षणभर वगळला तरी दुसरी अडचण उरते. दर शंभर डावांचे प्रमाण विचलन १०० एकक मानल्यास, पाच एककांचे आधिक्य असलेला खेळाडूही १०,००० डावांअंती तोट्यात असण्याची संभाव्यता सुमारे ३१ टक्के येते. एक लाख डावांनंतर ती सुमारे सहा टक्के होते. तासास ३० डाव व रोज पाच तास ह्या गतीने एक लाख डावांस जवळजवळ दोन वर्षे लागतील. प्लुरिबसच्या प्रयोगकर्त्यांनाही दैवाचा अंश वजा करणारी विशेष सांख्यिकीय पद्धत योजावी लागली. यावरून एखाद्या हंगामातील कमाई पाहून स्वतःस कुशल समजणाऱ्याच्या निष्कर्षास कितपत आधार असतो, हे उघड आहे.

कायद्याच्या इतिहासातही हे दोन प्रश्न, कौशल्याचा व नालाचा, एकत्र आलेले दिसतात. जालना १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि तेथे १३०५ फसलीचा हैदराबाद जुगार कायदा लागू होता. त्याच कायद्याखाली सिकंदराबाद येथील एका क्लबावर झालेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६७ च्या निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, तर तीन पानांचा खेळ निव्वळ दैवाचा मानला गेला. तथापि जागेच्या चालकाने खेळातूनच नफा काढल्यास गुन्हा संभवतो, हेही न्यायालयाने सूचित केले. महाराष्ट्रात लागू असलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही केवळ कौशल्याच्या खेळांस वगळतो. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने मात्र हा भेदच बाजूस सारला. खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावून तो संगणकजालावर चालविण्यास त्याने मनाई केली असून चालकास तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. खेळणाऱ्यास त्यात शिक्षा नाही.

सारांश, अल्पखेळाडू होल्डेममध्ये कौशल्य आहे हे गणिताने व प्रयोगाने सिद्ध होते, आणि त्याचा अभ्यास अपूर्ण माहितीवरील निर्णयांच्या अध्ययनास उपकारक आहे. बाजारभाव, लिलाव अथवा वाटाघाटी ह्यांतही थोडे स्पर्धक व झाकलेली माहिती हीच परिस्थिती असते. परंतु 'कौशल्य आहे' ह्या विधानावरून 'कुशल खेळाडूस लाभ होतो' हे विधान निष्पन्न होत नाही. त्या दोहोंमध्ये नाल आणि विचलन उभे आहेत. आणि सहा जणांच्या डावातून दर डावास निश्चितपणे मिळविणारा सातवाच असतो.