आधी पत्ता, मग घाबरा

खांदा कॉलनीतून रात्री दोन वाजता कोणी १०८ लावला, तर तो फोन पनवेलमध्ये वाजत नाही. तो वाजतो पुण्यात, औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारातल्या नियंत्रण कक्षात. २०१४ साली सुरू झालेल्या या राज्यव्यापी सेवेसाठी ९३७ रुग्णवाहिकांचा ताफा उभा करण्यात आला. गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे पडत नाहीत. पण फोन उचलणाऱ्याला तुमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ठाऊक नसतो. "सेक्टर सहा, लवकर या हो!" एवढ्यावर त्याने गाडी कुठे पाठवायची? सिडकोने प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे आकडे नव्याने मोजले. सेक्टर सहा कामोठ्यात आहे, कळंबोलीत आहे, खारघरमध्येही आहे. "खांदेश्वर स्टेशनजवळ" म्हणावे, तर ते स्टेशन कामोठेकरांचेही.

म्हणून पत्ता असा सांगावा: खांदा कॉलनी, नवीन पनवेल पश्चिम, सेक्टर, प्लॉट क्रमांक, इमारतीचे नाव, विंग, मजला, लिफ्ट आहे की नाही, आणि जवळची मोठी खूण. हे सारे सांगायला अर्धे मिनिट लागते. पण बाबा जमिनीवर पडलेले असताना हे कोणाला आठवते? स्वतःचा पिनकोडसुद्धा आठवत नाही.

त्यात तुमचा दोष नाही. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन उसळते, छाती धडधडते, बोटे थरथरतात, लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. पळायला किंवा लढायला हे उत्तम. औषधाच्या डब्यातून नेमकी गोळी शोधायला अगदीच निरुपयोगी. "तो मुळातच थंड डोक्याचा आहे" असे आपण एखाद्याचे कौतुक करतो, पण माझ्या मते थंड डोके हा स्वभावापेक्षा तयारीचा भाग जास्त आहे. अतिदक्षता विभागातली परिचारिका शांत दिसते, कारण पुढचे काम काय हे तिला विचार न करता कळते. तिच्या स्वतःच्या आईला काही झाले, तर तिचेही हात कापतील. पण ते कामाला लागलेले असतील.

तज्ज्ञांनाही आठवणीवर विसंबता येत नाही, याचा पुरावा एका मराठी घराशी नाते सांगणाऱ्या सर्जनने दिला. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातले. अतुल अमेरिकेत सर्जन झाले आणि त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एका पानाची तपासयादी तयार केली. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कुठल्या बाजूची, अ‍ॅलर्जी आहे का, असे साधे प्रश्न मोठ्याने विचारायचे, बस्स. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर उतरले होते. शिकल्या-सवरलेल्या सर्जनला कागद लागतो, मग आपल्याला का लागू नये?

घरचा कागद एका पानाचाच हवा. वर पूर्ण पत्ता, खाली प्रत्येक मोठ्या माणसाचे आजार, चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, विम्याचा क्रमांक. शिवाय हृदयविकारासाठी आणि पक्षाघातासाठी कुठे जायचे, हे आधीच चौकशी करून लिहिलेले. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचे एमजीएम, खासगी रुग्णालये असे पर्याय जवळ आहेत. रात्री सीटी स्कॅन आणि अँजिओप्लास्टी कुठे होते हे मात्र दिवसाउजेडी विचारून ठेवावे. कागद फ्रिजवर चिकटवा. कपाटातल्या फायलीत ठेवलेला कागद नसल्यातच जमा.

आता घरातल्या गर्दीबद्दल. आपल्याकडे किंकाळी ऐकली की अख्खा मजला गोळा होतो आणि प्रत्येकाकडे एक सल्ला असतो. १९६८ मध्ये डार्ली आणि लताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. इंटरकॉमवर एका विद्यार्थ्याला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतो आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला धावले. आणखी चौघेही ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. तेव्हा "कोणीतरी फोन करा" म्हणू नये. "काका, तुम्ही १०८ लावा आणि स्पीकरवर ठेवा. वहिनी, तुम्ही गोळ्यांची पिशवी आणा. दादा, तू खाली जाऊन गेट उघड, गाड्या हलवायला सांग." काम मिळालेला माणूस रडत नाही, आणि काम देणाऱ्याचा आवाजही आपोआप स्थिर होतो.

सर्वांत घातक सल्ला म्हणजे घोटभर पाणी पाजणे. तो मायेपोटी येतो, म्हणून नाही म्हणणे अवघड. पण बेशुद्ध किंवा पक्षाघात झालेल्या माणसाला ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर ती गंभीर बाब समजावी. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर शेवटचे नीट कधी बोलले ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो. ॲस्पिरिन इथे स्वतःच्या मनाने देऊ नये. छातीत दुखणाऱ्या माणसाला मात्र जिना चालत उतरवू नका. लिफ्ट नसेल तर मजबूत खुर्चीत बसवून चौघांनी उतरवावे.

आणि माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर? अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. इथेच अनेक घरे फसतात आणि मोलाची मिनिटे जातात. हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. गाडी कितीही वेगाने आली तरी तोवर पोहोचेल याची खात्री नाही. माणसाला जमिनीवर उताणे करा, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवा, कोपरे ताठ, आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. मोठ्याने मोजा, मोजण्याने हातही लयीत राहतात आणि डोकेही. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण थकलेले हात उथळ दाबतात. बरगडी मोडण्याची भीती खरी आहे, कधीकधी मोडतेही. तरी थांबू नका. बरगडी जुळते.

छाती दाबण्याचे हे तंत्र, म्हणजे सीपीआर, वाचून येत नाही, पुतळ्यावर एकदा तरी करावेच लागते. तेव्हा दोन गोष्टी करा. धनत्रयोदशीला धन्वंतरीपुढे दिवा लावल्यावर घरच्या सगळ्यांनी बसून फ्रिजवरचा तो एक कागद लिहा. मुले, सुना, नातवंडे घरात असण्याचा तोच दिवस. आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा वाद सुरू होण्याआधी सीपीआर प्रशिक्षणाचा ठराव मांडा. पार्किंग सुरू झाले की मग काही होत नाही.