धुरांडे : चुलीचे अर्धे अंग

धूर घराबाहेर जावा म्हणून धुरांडे असते, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु चुलीला लागणारी हवाही धुरांडेच ओढून घेते, हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. सुधारित चूल घालून देताना चुलीच्या तोंडाकडे, वैलाकडे आणि भांड्याच्या मापाकडे सर्व लक्ष दिले जाते; नळी मात्र शेवटी, हाती लागेल ती आणि सोयीची वाटेल तेथे बसविली जाते. अशी चूल थोड्याच महिन्यांत घरभर धूर करू लागते व घरची माणसे तिला कंटाळतात. म्हणून चुलीचा विचार करतानाच धुरांड्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅस पोहोचला आहे. तथापि आंघोळीचे पाणी, भाकरी व जनावरांचे आंबोण यांसाठी अनेक शेतकरी कुटुंबांत चूल पेटतेच, कारण तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या घरच्या घरीच मिळतात. या धुराची किंमत मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू घडले. त्यांत पाच वर्षांखालील मुलांची संख्या २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. चुलीजवळ सर्वांत अधिक वेळ घरातील स्त्रिया आणि त्यांच्या कडेवरची मुले असतात, हे वेगळे सांगावयास नको.

मागील प्रयत्नांचा धडा

बिनधुराच्या चुलीचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यातून मगन चूल पुढे आली. १९५३ साली हैदराबाद येथील अभियंते एस. पी. राजू यांनी धुरांड्याच्या चुलीचा प्रसार करणारी पुस्तिका काढली. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला व तो २००२ पर्यंत चालला.

पुढे ओडिशातील ४४ खेड्यांत संशोधकांनी धुरांड्याच्या चुली वापरणाऱ्या कुटुंबांची चार वर्षांपर्यंत पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढे मात्र हा लाभ टिकला नाही. चुलींची निगा राहिली नाही आणि त्यांचा वापरही घटत गेला. ग्रामसेवकांनी यावरून हे ओळखावे की, चूल बसविण्याच्या दिवशी काम संपत नाही.

धूर वर का चढतो?

तापलेली हवा थंड हवेपेक्षा हलकी असते. धुरांड्यातील गरम धूर हलका, तर बाहेरची हवा जड. या फरकामुळे नळीत ओढ निर्माण होते. ही ओढ दोन गोष्टींवर अवलंबून असते : धुरांड्याची उंची आणि धुराची उष्णता.

एक उदाहरण घेऊ. धुरांडे ३ मीटर उंच आहे व बाहेरच्या हवेचे तापमान ३० अंश सेल्सियस आहे. नळीतील धूर सरासरी १५० अंश असेल, तर मिळणारी ओढ पाण्याच्या सुमारे १ मिलिमीटर उंचीच्या दाबाएवढी असते. तोच धूर ६० अंशांपर्यंत निवाला, तर ओढ तिच्या एकतृतीयांशावर येते. मुळातच ओढ इतकी नाजूक असल्यामुळे एखादे वळण, काजळीचा थर किंवा उघडी राहिलेली फट ती सहज मोडून टाकते.

बचत आणि ओढ

येथे एक अडचण उभी राहते. चूल जितकी अधिक धग भांड्याला देईल, तितके जळण वाचते. पण तितकाच थंड धूर नळीत शिरतो आणि ओढ मंदावते. म्हणजे चूल जितकी चांगली, तितकी धुरांड्याची काळजी अधिक.

हीच अडचण थंड देशांतही आलेली आहे. अमेरिका व कॅनडा येथे घरे उबदार ठेवण्यासाठी गॅसच्या भट्ट्या असतात. जुन्या भट्ट्यांचा धूर पुरेसा गरम असे व तो विटांच्या धुरांड्यातून आपोआप वर जाई. नव्या भट्ट्या गॅसमधील ९० टक्क्यांहून अधिक उष्णता घरासाठी काढून घेतात. त्यांचा धूर इतका निवतो की, त्यातील वाफेचे पाणी होते. असा धूर स्वतःच्या बळावर चढत नाही. तो पंख्याने ढकलावा लागतो. पाणी आम्लयुक्त असल्याने प्लॅस्टिकची नळी वापरतात आणि ते भट्टीकडे परत येऊन निचरा व्हावा म्हणून नळीला दर मीटरमागे सुमारे २ सेंटिमीटर उतार देतात. जुन्या विटांच्या धुरांड्यात हा धूर सोडला, तर ओलीने व आम्लाने ते खराब होते. तेव्हा तेथेही भट्टी बदलली की धूर काढण्याची रचना बदलावीच लागते.

आपल्या साध्या चुलीला पंखा नसतो. म्हणून धुरातील सर्वच धग काढून घेण्याचा हव्यास धरू नये. धूर वर चढण्यापुरती उष्णता त्यात राहू द्यावी आणि ती वाटेत वाया जाणार नाही, अशी नळीची रचना करावी.

धुरांड्याची मांडणी

घरगुती दोन तोंडांच्या चुलीस साधारणतः १० सेंटिमीटर आतील व्यासाची नळी पुरते. वैलापासून नळीपर्यंतचा आडवा मार्ग शक्य तितका आखूड व चढता असावा. नळी ओळंब्यात सरळ उभी करावी, वळणे टाळावीत. नळीचा बराचसा भाग घराच्या आत ठेवल्यास ती गरम राहते. बाहेरच्या वाऱ्यात उभी असलेली पत्र्याची नळी लवकर निवते. भाजलेल्या मातीची, सिमेंटची किंवा जाड पत्र्याची नळी चालेल. जुनी ॲस्बेस्टॉसची नळी असल्यास ती करवतीने कापू नये किंवा फोडू नये. तिची धूळ फुप्फुसांस घातक असते.

सर्व सांधे चिकण माती, शेण व भुसा यांच्या काल्याने बंद करावेत. भांडे चुलीच्या तोंडावर नीट बसावे. वैलावर भांडे नसेल, तर तोंड झाकावे. फटीतून थंड हवा आत शिरली की धूर निवतो व ओढ तुटते.

नळी गरजेपेक्षा फार उंच केल्यास उलट दोष येतो : ज्वाळा भांड्याखाली न थांबता नळीकडे धावते आणि जळण वाया जाते.

छपरातून बाहेर काढताना

नळी जेथे छपराबाहेर पडते, तेथून तिचे तोंड किमान ९० सेंटिमीटर वर असावे. तसेच तीन मीटरच्या आत आढे किंवा शेजारची भिंत असल्यास तिच्याहूनही ते ६० सेंटिमीटर उंच असावे; अन्यथा वारा आढ्यावरून खाली वळतो व धूर परत घरात लोटतो. पावसासाठी वर टोपी बसवावी, परंतु टोपी व नळीचे तोंड यांत धूर निघण्यास पुरेशी जागा सोडावी.

एकेरी पत्र्याच्या नळीजवळ ४५ सेंटिमीटरच्या आत वासे, गवत किंवा पाचट असू नये. गवताच्या छपरातून नळी काढण्याऐवजी ती मातीच्या भिंतीतून बाहेर काढून छपरापासून दूर उभी करणे अधिक सुरक्षित आहे. मात्र तशा वेळी बाहेरच्या भागावर मातीचा जाड लेप द्यावा, म्हणजे धूर निवणार नाही.

परीक्षा व निगा

चूल वाळल्यावर तिच्यात थोडा जाळ करावा. दहा मिनिटांनी पेटलेली उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला, तर धुरांडे काम करते. बाहेर फिरला, तर सांधे, फटी व टोपी तपासावी. पावसाळ्यात नळी ओली व थंड असते. तेव्हा नळीच्या तळाशी थोडा सुका पाचोळा पेटविला की ओढ सुरू होते.

नळीच्या तळाशी काजळी काढण्याचे झाकण अवश्य ठेवावे. १० सेंटिमीटरच्या नळीत सर्व बाजूंनी १ सेंटिमीटर काजळी बसली, तर धुराची वाट एकतृतीयांशाहून अधिक कमी होते. ओले जळण वापरल्यास काजळीबरोबर डांबरासारखा चिकट थर बसतो व तो पेट घेऊ शकतो. म्हणून जळण वाळवून वापरावे आणि लांब काठीला काथ्या बांधून महिन्यातून एकदा नळी झाडावी. हे काम चूल थंड असताना, नाकातोंडाला फडके बांधून करावे.

न दिसणारे विष

धूर दिसत नाही म्हणजे हवा शुद्ध आहे, असे समजू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो; त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून निजणे प्राणघातक ठरते. न्हाणीघरातील गॅसच्या गिझरलाही हाच नियम लागू आहे : त्याचा वायू नळीने बाहेर गेला पाहिजे व ताजी हवा आत आली पाहिजे. धुरांड्याच्या चुलीलाही हवा आत येण्यास खिडकी किंवा झरोका लागतोच; सर्व दारे लावून घेतली, तर उत्तम धुरांडेही ओढ घेणार नाही. स्वयंपाकघरात डोके दुखणे, चक्कर व मळमळ असा त्रास एकाच वेळी अनेकांना झाल्यास सर्वांनी तात्काळ मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांस गाठावे.

ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी चूल बसविलेल्या घरी निदान दोनदा जावे : एकदा महिन्याभराने आणि एकदा पावसाळ्याच्या तोंडावर. त्या वेळी नळीचे झाकण उघडावे, काजळी पाहावी आणि उदबत्तीची परीक्षा घरच्या बाईच्याच हातून करून घ्यावी. ती एकदा तिला साधली, म्हणजे पुढे धुरांडे कोंदले की ते ओळखून साफ करण्यास तिला कोणाची वाट पाहावी लागणार नाही.