'सायलेन्सर' : शब्दाची व्याप्ती आणि वस्तूची रचना

परकीय यंत्र भाषेत शिरते तेव्हा ते आपले नाव बरोबर घेऊन येते. परंतु त्या नावाची व्याप्ती मात्र भाषा आपल्या सोयीने ठरविते. 'सायलेन्सर' हा मराठीत रुळलेला शब्द याचे बोलके उदाहरण होय. मोटारीचा जुना सायलेन्सर काढून बाजारात मिळणारा दुसरा घरच्या घरी बसविणाऱ्या हौशी कारागिराला या व्याप्तीचा परिणाम प्रत्यक्ष भोगावा लागतो. ते काम कसे करावयाचे आणि शब्द त्यात कोठे दिशाभूल करतो, हे एकत्रितपणे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोणी काळभोर हे पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव. तेलकंपन्यांचे डेपो येथे असल्याने टँकरांची वर्दळ मोठी, आणि वाहनदुरुस्तीची भाषा लोकांच्या कानांवर नित्य पडणारी. या भाषेत 'पाना', 'पक्कड', 'कानस', 'आटे' हे जुने शब्द आणि 'क्लॅम्प', 'सेन्सर', 'मॅनिफोल्ड' हे नवे शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदतात. ग्रंथांतील 'निष्कास' हा पारिभाषिक शब्द मात्र गॅरेजच्या उंबऱ्याबाहेरच राहिला आहे. तेथे एंजिनापासून मागच्या टोकापर्यंतची सारी नळी म्हणजे 'सायलेन्सर'.

मुळात हा शब्द आवाज दबविणाऱ्या एका डब्यापुरता होता. अमेरिकेत त्याच डब्यास 'मफलर' म्हणतात. मराठीत तो शब्द गळ्याभोवती गुंडाळावयाच्या वस्त्राला मिळाला. अवयवाचे नाव अवयवीला मिळाले, म्हणजे आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा झाली. मोटारसायकलीस मराठीने 'फटफटी' म्हटले, ते नाव धूर बाहेर पडतानाच्या आवाजावरून. आणि त्याच धुराच्या नळीचे नाव पडले ते आवाज शमविण्यावरून. दोन्ही नावे ध्वनीभोवतीच फिरतात. त्या नळीची उरलेली कार्ये नावात कोठेच नाहीत.

ती कार्ये अशी. एंजिनाच्या प्रत्येक नळकांड्यातील जळालेला वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो. पुढे एक सेन्सर त्यातील प्राणवायूचे प्रमाण मोजतो. त्यावरून इंधन किती सोडावयाचे हे मोटारीतील संगणक ठरवितो. त्यानंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येतो. मधाच्या पोळ्याप्रमाणे बारीक छिद्रे असलेल्या त्याच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो. तो पुरेसा तापला की विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डाय-ऑक्साइड होते, न जळलेल्या इंधनाचे बव्हंशी पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड होते, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून नायट्रोजन उरतो. त्याच्या पुढे दुसरा सेन्सर हे कार्य नीट चालले आहे की नाही ते पाहतो. सर्वांत शेवटी मूळ अर्थाचा सायलेन्सर येतो. त्यातील कप्प्यांत ध्वनिलहरी परावर्तित होऊन एकमेकींना अंशतः मारतात, आणि भोकांच्या नळीभोवतालची काचलोकर उरलेला नाद शोषून घेते. भारतात दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर १९९५ साली लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही मानके आली.

आता प्रत्यक्ष कृती. एंजिन बंद करून नळी पूर्ण निवू द्यावी. तिचा चटका दीर्घकाळ टिकतो. मोटार सपाट, पक्क्या जागेवर घ्यावी, चाकांना ठोकळे लावावेत, जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कधीही शिरू नये. जॅक हा उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नव्हे. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळीच गंज सोडविणारे तेल सोडावे. घाईने पाना ओढला तर आटे जातात किंवा बोल्टच तुटतो. नळी ज्या रबरांवर लोंबते त्यांना साबणाचे पाणी लावले की ती सहज निघतात. सेन्सरची तार ओढू नये. तिची जोडणी आधी सोडवावी.

नवी नळी बसविताना सर्व जोड प्रथम सैलच ठेवावेत. सारी नळी रबरांवर टांगून ती ब्रेकच्या नळ्या, इंधनाची टाकी व तारा यांपासून पुरेशी दूर आहे हे पाहावे. मगच एंजिनाकडून मागे येत जोड आवळावेत. एक जोड आधी घट्ट केला तर त्याची तिरपाई शेवटच्या टोकापर्यंत पोचते. सांध्यातील जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये. मोटार उघड्यावर आणून एंजिन चालू करावे आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात काय ते पाहावे. बंद गॅरेजात ही परीक्षा करणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही व वासही नाही. काही दिवस मोटार तापून निवल्यानंतर सर्व नट पुन्हा एकदा तपासावेत.

शब्दाचा खरा घोटाळा होतो तो येथेच. गॅरेजात 'जाळी काढणे' असा एक प्रयोग आहे. दुचाकीच्या सायलेन्सरातील आवाज अडविणारी आतली नळी काढणे, हा त्याचा जुना अर्थ. परंतु कन्व्हर्टरमधील पोळ्यासारखा ठोकळाही दिसावयास जाळीच; म्हणून तोही त्याच शब्दाखाली आला. एक जाळी काढली तर कानांना त्रास होतो. दुसरी काढली तर विषारी वायू जसाच्या तसा रस्त्यावर येतो. दोहोंचे नाव एक, आणि साऱ्या नळीचे नाव 'सायलेन्सर'. तेव्हा हौशी मनुष्य सहज समजतो की आपण फार तर थोडी शांतता गमावीत आहोत. विषारी वायूविषयी त्याला शब्दानेच काही सांगितलेले नसते.

कायदा या बाबतीत शब्दापेक्षा अधिक नेमका आहे. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाचा मेळ राहणार नाही असा बदल मालकाने करू नये, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक मोटार वाहनास आवाज कमी करणारे साधन हवेच. ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविल्यास कलम १९० खाली पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून गंजलेल्या भागाऐवजी त्याच प्रकारचा, मानकांत बसणारा भाग बसविणे ही दुरुस्ती होय. कन्व्हर्टर गाळून मोकळी नळी बसविणे हा अपराध होय. हातातील पाना आणि करावयाची कृती दोहोंकडे सारखीच असते, म्हणूनच हा भेद आधी ध्यानी घेणे अवश्य आहे.

यावर उपाय म्हणून 'सायलेन्सर' हा शब्द हटवून त्याच्या जागी 'निष्कास' रूढ करावा, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. रूढ शब्द आज्ञेने जात नाहीत, आणि साऱ्या नळीला एक नाव असणे सोयीचेही आहे. उणीव आहे ती त्या नावाखालील भेददर्शक शब्दांची. 'आवाजाची जाळी' आणि 'धुराची जाळी' एवढा फरक जरी बोलण्यात आला, तरी पाना उचलण्यापूर्वी प्रश्न विचारता येतो : यांपैकी कोणती काढावयाची? परिभाषेचे कार्य परकीय शब्दाला संस्कृत प्रतिशब्द दिल्याने संपत नाही. वापरणाऱ्याच्या तोंडी असलेल्या शब्दांतच वस्तूंचे भेद दिसू लागले, की ते सफल झाले असे म्हणावयास हरकत नाही.