पोरांच्या हातचे छापील कापड

सणावाराला आपण लेकीबाळींना काही ना काही देतो. बहुधा ते विकतचे असते. पण पोरांनी स्वतः छापलेला रुमाल किंवा बाजाराची पिशवी दिली, तर घेणाऱ्याचा जीव सुखावतो. खर्चही थोडा. ती कशी छापायची, ते आज पाहू.

ठशाने कापड छापणे ही आपल्या देशातली जुनी कला. गुजरातेतले छापील सुती कापड पूर्वी गलबतांतून मिसर देशात जाई. तिथल्या फुस्तात या जुन्या शहरात त्याचे तुकडे सापडले. त्यांतले कित्येक सहा-सातशे वर्षांपूर्वीचे आहेत. राजस्थानात बगरू गावी छिपा लोक आजही हे काम करतात. आपल्याकडे भावसार मंडळी कापड रंगवीत आणि छापीत.

आधी आमची फजिती सांगतो. आम्ही रहिमतपुरास शाळेत होतो. राखीपौर्णिमेसाठी पोरांकडून रुमाल छापून घेतले. रंग म्हणून हळद कालवली. रुमाल पिवळेधमक दिसले. पण घरी साबण लावला, तशी फुले लाल झाली. चार दिवस उन्हात वाळवल्यावर पार उडाली. एक पोरगी रडत आली. म्हणाली, "गुरुजी, माझं फूल गेलं!" चूक आमची होती. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

मग आम्ही छिपा लोकांची काळ्या रंगाची रीत धरली.

जुने खिळे, नाल, पत्र्याचे तुकडे असे किलोभर लोखंड घ्या. मडक्यात टाका. पाव किलो गूळ आणि ५ लिटर पाणी घाला. वर फडके बांधा. पंधरा दिवसांत पाणी आंबते. ते गाळून घ्या. त्यात चिंचोक्याचे पीठ घालून शिजवा. घोंगडीला लावतात तशी खळ होते. हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

आता कापड. नवे सुती कापड धुऊन त्याची खळ काढा. हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात ते बुडवा आणि उन्हात वाळवा. कापड पिवळसर होईल. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले, की पक्का काळा रंग धरतो. म्हणून हिरडा चुकवू नका.

ठसा बटाट्याचा करा. भेंडी आडवी कापली, तर आयते फूल मिळते. सुरी मात्र मोठ्यांनीच धरावी. खाली गोधडी घाला, वर कापड ताणा. ताटात फडक्याची घडी ठेवून तिच्यावर रंग ओता. ठसा तिच्यावर टेकवा, मग कापडावर दाबा. दोन दिवस वाळू द्या. मग धुवा.

ठशात अक्षर कोरायचे, तर ते उलटे कोरावे लागते. पातळ कागदावर अक्षर लिहा. कागद उलटा करून उजेडाला धरा. दिसेल तसे कोरा. म्हणजे कापडावर सुलटे उठते.

त्या पोरीने पुढच्या वर्षी पिशवी छापली. भोवती भेंडीची फुले, मधे 'आई' ही दोन अक्षरे. तिची आई तेव्हा रात्रीच्या वर्गाला येत होती. तिने पिशवी मांडीवर घेतली. अक्षरांवर बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले, "आ... ई."

मग ती म्हणाली, "हे धुतलं तरी जायचं नाही ना, गुरुजी?"

आम्ही म्हटले, "नाही. आता पक्कं झालंय."