इंग्रजी शिकविण्यासाठीं परदेशीं

गेल्या महिन्यांत जोगेश्वरीचे आमचे एक स्नेही आपल्या कन्येसह आम्हांकडे आले. मुलगी इंग्रजी घेऊन एम्. ए. झालेली. १९३० सालीं तेथील टेकडीवर निघालेल्या इस्माईल युसुफ कॉलेजांत तिचे आजोबा शिकले, तेथेंच तीही शिकली. आतां तिला परदेशीं जाऊन इंग्रजी शिकवावयाचें आहे. एका दलालानें कोरियांत जागा देतों म्हणून ऐंशी हजार रुपये मागितले होते. पात्रतेसाठीं घरबसल्या तीन आठवड्यांत मिळणारें प्रशस्तिपत्र पुरेल, असेंही सांगितलें होतें. वडील ठेव मोडण्यास निघाले होते.

आम्हीं त्यांस थांबविलें. असा दलाल परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला असावा लागतो, आणि ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक मोबदला त्याला घेतां येत नाहीं. ही झाली पैशाची गोष्ट. खरी अडचण निराळीच आहे. कोरियाच्या सरकारी शाळा या कामीं मुख्यतः इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांचेच नागरिक घेतात. २०१० सालीं अमलांत आलेल्या भारत-कोरिया करारानें आपणांसाठीं एक दार किलकिलें झालें; परंतु त्यांतून जावयास पदवीखेरीज इंग्रजीच्या शिक्षकाची रीतसर पात्रता, म्हणजे आपल्याकडील बी. एड्., लागते. त्या सात देशांच्या पदवीधरास शंभर तासांचें प्रशस्तिपत्र चालतें व आपणांस चालत नाहीं, हें ऐकून मुलीचा चेहरा उतरला. हा न्याय नव्हे, हें आम्हांसही मान्य आहे. पण ऐंशी हजारांनीं तो बदलणार नाहीं.

केंब्रिजची सेल्टा मात्र घेण्याजोगी आहे. सुमारें १२० तासांचा तो अभ्यास, आणि त्यांत खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांपुढें, परीक्षकांच्या देखत, सहा तास पाठ घ्यावे लागतात. त्या सहा तासांतच सारें आलें. ‘ए’ व ‘द’ यांतील भेद आपण संवयीनें पाळतों. कोरियन मुलास तो समजावून देणें ही वेगळी विद्या आहे, कारण त्याच्या भाषेंत तसलीं उपपदें मुळींच नाहींत. तीं मराठींतही नाहींत. आपण तीं परक्यासारखीं शिकलों, आणि म्हणून या एका बाबतींत जोगेश्वरीची शिक्षिका लंडनच्या शिक्षिकेहून कांकणभर सरस ठरावी, असें आम्हांस वाटतें.

आखाती देशांतील भारतीय शाळाही बी. एड्. मागतात. तेव्हां आधीं ती पदवी, मग एखाद्या उपनगरांतील शाळेंत वर्ष दोन वर्षें अनुभव, आणि मग पदवीपत्रांवर राज्य सरकारची व परराष्ट्र खात्याची मोहोर, असा क्रम आम्हीं सुचविला.

निघतांना वडिलांनीं हळूच विचारलें, “दोन वर्षें बी. एड्., मग नोकरी, म्हणजे हिचें वय सत्तावीस होईल. लग्नाचें काय?” मुलगी दारांत चपला घालीत होती. “बाबा, ठेव वांचली ना?” ती म्हणाली, आणि प्रवेशपरीक्षेचा अर्ज कोणत्या महिन्यांत निघतो तें तिनें आम्हांस विचारून घेतलें.