दिसते आहे तोवरच दाखवा!

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नाने आटोपून आम्ही सारे काकांकडे फराळाला जमलो होतो. आमचे काका म्हणजे शिस्तीचा पुतळा. बारा वर्षांचा मधुमेह. पण फराळाच्या ताटातल्या करंजीला त्यांनी कधी बोट लावले नाही. मूठभर चिवडा आणि बिनसाखरेचा चहा, एवढ्यावर त्यांची दिवाळी साजरी व्हायची. त्या दिवशी दारातल्या आकाशकंदिलाकडे पाहत ते काकूंना म्हणाले, "अगं, नव्या कंदिलाला कोळिष्टक कसं काय लोंबतंय?"

कंदील आदल्याच दिवशी आणलेला, कोरा करकरीत. कोळिष्टक कंदिलाला नव्हतेच. ते काकांच्या उजव्या डोळ्यात होते.

संध्याकाळपर्यंत त्या काळ्या धाग्यांचा धूर झाला आणि धुराचा पडदा. रात्री पणत्या लागल्या तेव्हा उजव्या डोळ्याला नुसता लालसर अंधार दिसत होता. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला आहे." मग विचारले, "पडदा शेवटचा कधी तपासला होता?"

"दर दोन वर्षांनी नंबर काढतो की!" काका म्हणाले.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, नंबर काढणं निराळं आणि पडदा पाहणं निराळं."

हे एक वाक्य कोणी बारा वर्षांपूर्वी सांगितले असते तर, असे आमच्या घरात अजूनही म्हटले जाते. म्हणूनच हा लेख.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला कागदासारखा पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. समोरचे चित्र उमटते ते या पडद्यावर, आणि तिथूनच ते मेंदूकडे जाते. चष्मा हे चित्र पडद्यावर नेमके पाडायचे काम करतो; पण पडदाच विरला, तर कितीही भारी काच लावली तरी काय उपयोग?

या पडद्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. एखाद्या जुन्या वाड्यातल्या नळांची कल्पना करा. वर्षानुवर्षे नळ आतून कुजतात. कुठे फुगवटा येतो, कुठे सांध्यातून पाणी झिरपते, कुठे नळ साफ बंद होतो. रक्तातली वाढलेली साखर या सूक्ष्म वाहिन्यांचे तेच करते. आधी भिंती कमजोर होऊन बारीक फुगे येतात, मग त्यांतून पाणी, चरबी आणि रक्त झिरपते. काही वाहिन्या बुजतात आणि पडद्याचा तेवढा भाग उपाशी राहतो. पाणी मिळेनासे झाले की वाड्यातले बिऱ्हाडकरू चोरून जोडण्या घेतात. उपाशी पडदाही तसाच नव्या वाहिन्या फुटवतो. पण या नव्या वाहिन्या फार नाजूक. एक दिवस त्यातली एखादी फुटते आणि डोळ्यात रक्त पसरते. या साऱ्या प्रकाराला डॉक्टर 'डायबेटिक रेटिनोपॅथी' म्हणतात.

यातली फसवी गोष्ट ही, की हे सारे चाललेले असताना दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. बिघाड पडद्याच्या कडेला असेल तर वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येते. एका डोळ्याचे उणे दुसरा भरून काढतो. म्हणून 'मला दिसतंय की!' हे वाक्य मधुमेही माणसाने पुरावा म्हणून देऊ नये. दिसणे कमी होते तेव्हा दुखणे बहुधा जुने झालेले असते.

मग ते आधी कळणार कसे? शरीर न कापता जिवंत रक्तवाहिन्या जिथे उघड्या पाहता येतात, अशी डोळ्याच्या आतल्यासारखी जागा दुसरी नाही. 1851 साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपले नेत्रदर्शक उपकरण जगापुढे मांडले आणि ही खिडकी वैद्यांना उघडून दिली. आता तर त्या पडद्याचे रंगीत छायाचित्रच काढतात. 2018 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असे छायाचित्र तपासून स्वतःच निकाल देणाऱ्या यंत्रालाही परवानगी दिली.

तपासणी अशी असते. आधी डोळ्यांत थेंब घालतात. ते थोडे चुरचुरतात. वीस-तीस मिनिटांत बाहुली मोठी होते. मग हनुवटी टेकवून बसायचे. डॉक्टर प्रकाशझोत टाकून पडदा पाहतात किंवा कॅमेरा लख्खकन उजेड पाडून चित्र घेतो. झाले! पुढचे काही तास जवळचे अंधुक दिसते आणि ऊन सहन होत नाही. म्हणून सोबत कोणी न्यावे, काळा चष्मा ठेवावा आणि स्कूटर घरीच ठेवावी. एवढ्या गैरसोयीसाठी लोक वर्षानुवर्षे तपासणी पुढे ढकलतात!

तपासणी केव्हा करायची? प्रौढपणी मधुमेह निघाला, तर कळल्याबरोबर लगेच. कारण तो कळण्याआधी कित्येक वर्षे गुपचूप वस्तीला आलेला असतो. लहान वयात जडणाऱ्या, इन्सुलिनवरच्या मधुमेहात पहिली तपासणी पाच वर्षांच्या आत. त्यानंतर दोघांनीही साधारणपणे दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तसे. ज्या बाईला आधीपासून मधुमेह आहे तिला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच डोळे दाखवावेत. गरोदरपणात हा विकार वेगाने वाढू शकतो.

बिघाड सापडला तर पुढे काय, ही धास्ती अनेकांना दवाखान्याच्या दारातूनच परत फिरवते. पण उपाय आहेत, आणि त्यातल्या एकाची कथा मोठी गमतीची आहे. 1945 साली सूर्यग्रहणाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेला रुग्ण माय्‍यर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरांपुढे आला. त्यांच्या मनात आले, उजेड पडदा भाजू शकतो, तर तोच जपून वापरून पडदा वाचवता का येऊ नये? आरंभी त्यांनी चक्क सूर्यप्रकाश वापरून पाहिला! त्याच कल्पनेतून पुढे आजचे लेसर उपचार आले. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने 1976 साली दाखवले, की वेळेवर अशा उपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनेही आहेत. डोळा सुन्न करून ती देतात. साचलेले रक्त न निवळल्यास ते शस्त्रक्रियेने काढता येते. मात्र हे उपाय बहुतेक वेळा उरलेले वाचवतात. गेलेले सारे परत आणतातच असे नाही.

वेळेवर पाहण्याने काय साधते, याचा दाखला इंग्लंडने दिला. तिथे 2003 पासून मधुमेह्यांच्या पडद्याच्या तपासणीची देशव्यापी योजना सुरू झाली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले, की निदान पन्नास वर्षांत प्रथमच, कामकरी वयातल्या लोकांच्या अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण मधुमेह उरले नव्हते. आपल्याकडे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर सांगितली. तेव्हा हा प्रश्न घरोघरचा आहे.

आणि तपासणीइतकेच मोल नियमाचे. 1993 साली 1441 रुग्णांच्या अमेरिकन-कॅनेडियन पाहणीत दिसले, की साखर काटेकोर सांभाळली तर, डोळे निरोगी असलेल्यांत हा विकार उद्भवण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटतो. रक्तदाबही तितकाच सांभाळावा, तंबाखू-विडी सोडावी. 'इन्सुलिन घेतलं की डोळे जातात' असे शेजारपाजारी ऐकू येते, ते मनावर घेऊ नये. डोळे जातात ते बहुधा न आवरलेल्या साखरेने. इन्सुलिन नेमके तिलाच आवर घालते. फक्त फार दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरवायची असेल, तर आधी डोळे दाखवून घ्यावेत.

आमच्या काकांचे पुढे काय झाले? उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या डोळ्याने ते आज वर्तमानपत्राचे मथळे वाचतात, बातम्या नाही. डाव्यातही तीच सुरुवात झाली होती. पण तो लेसरने वेळीच सावरला, आणि त्याच्या भरवशावर ते आजही नातवाची शुद्धलेखनाची वही तपासतात.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. काकांना दवाखान्यात नेणारा हा पुतण्या स्वतः तीन वर्षांचा मधुमेही होता, आणि त्यानेही पडदा कधी दाखवला नव्हता! त्याच आठवड्यात काकूंनी मला हाताला धरून नेले. दोन्ही डोळ्यांत बारीक ठिपके निघाले. अगदी सुरुवात. उपचार काही नाही. साखर सांभाळा आणि दरवर्षी या, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. पाच वर्षांत ते ठिपके वाढलेले नाहीत.

आता आमच्या घरी दिवाळीआधी घर झाडण्याचा दिवस जसा ठरतो, तसा डोळे दाखवण्याचाही ठरतो. काकू कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल करतात. धनत्रयोदशीला धन्वंतरीला नमस्कार करायचा तो तपासणी उरकल्यावरच, असा त्यांचा दंडक आहे. वाचकहो, आपल्या घरात कोणाला मधुमेह असेल, तर यंदा फराळाच्या ताटावर त्यांना 'गोड खाऊ नका' एवढेच सांगून थांबू नका. 'पडदा कधी दाखवलात?' हेही विचारा. आणि उत्तर 'नंबर काढला की!' असे आले, तर भाऊबीज होताच त्यांना घेऊन डॉक्टरांकडे चला.