न जाणारा लाल डाग

अंगावर उठलेला लाल डाग दोन-चार दिवसांत मावळला, तर चिंतेचे कारण नसते. डास, ढेकूण, घामोळे अशी त्याची साधी कारणे असतात. परंतु तोच डाग तीन-चार आठवडे टिकून राहिला, तर तो डॉक्टरांना दाखवावा.

आपल्या दमट हवेत सर्वाधिक आढळतो तो नायटा, अर्थात गजकर्ण. हा बुरशीचा संसर्ग होय. कडा लाल व खवलेदार, मध्यभाग निवळलेला आणि खाज विलक्षण. याबाबतीत जी चूक सर्रास घडते, ती मीही केली आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात कमरेवर उठलेल्या चट्ट्याला मी औषधाच्या दुकानातून आणलेले मलम तीन आठवडे चोळले. खाज दुसऱ्याच दिवशी थांबली. चट्टा मात्र तळहाताएवढा झाला. मलमात स्टेरॉइड होते. स्टेरॉइड दाह दडपते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दडपते व बुरशीला मोकळे रान मिळते. शिवाय डागाचे मूळ रूप पालटल्याने निदानही कठीण होते. नायटा झालेल्याने टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे उन्हात वाळवावेत आणि डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पूर्ण करावी. घरात आणखी कुणाला खाज असल्यास त्याचाही उपचार त्याच वेळी व्हावा.

कोपर, गुडघे वा डोक्यावर चंदेरी पापुद्र्याचे लाल चट्टे असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. तो संसर्गजन्य नाही. अशा व्यक्तीच्या पंक्तीला बसण्यास कुणी कचरू नये. घड्याळाच्या वा खोट्या दागिन्यांच्या धातूमुळे उठणारे इसब ती वस्तू दूर केल्यावर बहुधा शमते. तिशीनंतर अंगावर दिसणारे चकचकीत लाल तीळ निरुपद्रवी असतात. मात्र वारंवार रक्त येणारा, न भरणारा डाग त्वचेच्या कर्करोगाचाही असू शकतो.

खाज नाही, दुखत नाही, म्हणून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते कुष्ठरोगाच्या डागाकडे. तो फिकट किंवा लालसर असतो, तेथे घाम येत नाही आणि स्पर्श कळत नाही. डोळे मिटून कापसाचा बोळा टेकवून पाहावा. लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात असे डाग तपासण्याचे काम याजकाकडे होते. संशय आल्यास सात दिवस वेगळे ठेवून तो पुन्हा पाही. (ते काम आज आम्हा धर्मगुरूंकडे नाही, हे बरेच झाले!) तेथील 'कुष्ठ' या शब्दात त्वचेचे अनेक विकार येत, हेही ध्यानी असावे. मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करताना स्वतः त्या रोगाने 1889 साली मृत्यू पावलेल्या संत डेमियन यांच्या काळी त्यावर औषध नव्हते. आज बहुविध औषधोपचाराने सहा ते बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो. विलंब झाला तर मात्र मज्जातंतूंची हानी भरून येत नाही, बोटे वाकडी होतात.

2005 च्या अखेरीस भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आणले, तरी महाराष्ट्रात आजही नवे रुग्ण सापडतात. तपासणी व औषधे सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. जाताना आजवर लावलेल्या मलमांच्या नळ्याही सोबत न्याव्यात.